एक डोळा की दोन?

मुलांनो, आज तुम्हाला एक प्रश्न विचारते. आपल्याला डोळे दोन आहेत. मग लांबचे पक्षी-प्राणी बघायची दुर्बीण एका डोळ्याची असावी की दोन डोळ्यांची?

"दोन!" असं तुम्ही लगेच म्हणाल. आमच्या वर्गातली मुलंही एका सुरात असंच ओरडली होती. पण हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आम्हाला त्याचं उत्तर शोधायला चांगला एक महिना लागला. आणि उत्तर शोधता शोधता भलतंच काहीतरी सापडलं. काय सापडलं ते पुढे येईलच.

मी पेठच्या परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. पेठ म्हणजे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यालगतचं गाव. इथेच सातगाव पठार आहे. पावसाळी बटाट्यासाठी हे पठार प्रसिद्ध. जूनमध्ये लागवड होते आणि गणपतीच्या आगेमागे काढणीची धांदल सुरू होते. त्या दिवसांत शेतात माणसं पुढे आणि गायबगळे मागे! माती उकरली की किडे बाहेर पडतात, त्यांना ही आयती पंगत मिळते. शाळेसमोरच्या तारेवर वेडा राघू बसलेला असतो. मोकळ्या रानात टिटवी ओरडत असते. थोडक्यात, बघायला खूप आहे.

पण एक अडचणही आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके बिबट्यांचे. उसाच्या शेतात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि तिथेच वाढवते. जखमी किंवा पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. इथे माणसांवर हल्ले झाले आहेत, त्यांत लहान मुलंही गेली आहेत. त्यामुळे आमच्याकडची आई पोराला सांगते, "दिवस मावळायच्या आत घरात ये, एकटा बांधावर जाऊ नको." ते बरोबरच आहे. पण मग मुलांनी रान बघायचं कसं? शाळेच्या आवारातून, दिवसाउजेडी, सगळ्यांनी मिळून! त्यासाठी हवी दुर्बीण.

शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून पैसे दिले. त्या पैशांत एक बरी दुर्बीण आली असती, दोन नाही. झालं, तिथून वाद सुरू झाला.

गावात एक निवृत्त फौजी आजोबा आहेत. त्यांच्याकडे स्वतःची जुनी, दोन नळ्यांची दुर्बीण आहे. ते म्हणाले, "बाई, दोन डोळ्यांचीच घ्या. एक डोळा मिटून माणूस किती वेळ बघणार? दोन मिनिटांत कपाळ दुखायला लागतं." एका ताईंनी विचारलं, "पण मॅडम, हिच्यातून बिबट्या दिसंल का?" मी म्हणाले, "ताई, बिबट्या शोधायला आपण दुर्बीण घेतच नाही. बिबट्या दिसला तर दुर्बीण सोडून घरात जायचं आणि मोठ्यांना सांगायचं. ही दुर्बीण पाखरांसाठी." ताईंना ते पटलं.

मग पुण्याहून आमच्याकडे पक्षी बघायला येणारे एक काका मदतीला धावले. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी ते दोन पिशव्या घेऊन आले. एकीत होती दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर. दुसरीत एक जाडजूड नळी आणि तिला ठेवायला तीन पायांचा स्टँड. या नळीला म्हणतात स्पॉटिंग स्कोप. तिला डोळा लावायची जागा एकच.

काकांनी आधी दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिकवलं. बायनॉक्युलरवर लिहिलं होतं ८ × ४२. यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. स्कोपवर होतं २०-६० × ६०. म्हणजे एक कडी फिरवली की वीसपटीपासून साठपटीपर्यंत वाढवत न्यायचं.

"साठ! साठ!" पोरं उड्या मारायला लागली. काका हसले. म्हणाले, "थांबा, आधी एक भागाकार करा."

आम्ही फळ्यावर भागाकार केला. ४२ भागिले ८, उत्तर पाचाच्या थोडं वर. म्हणजे बायनॉक्युलरमधून डोळ्याकडे येणारी उजेडाची तिरीप पाच मिलिमीटर रुंद. स्कोपची वीसपटीला ६० भागिले २०, म्हणजे तीन मिलिमीटर. आणि साठपटीला? ६० भागिले ६०, फक्त एक मिलिमीटर! म्हणून पट वाढवला की चित्र मोठं होतं, पण अंधारतं. भर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली लहान होते, तेव्हा फारसा फरक जाणवत नाही. सांज-सकाळी बाहुली मोठी होते, तेव्हा ही तिरीप अपुरी पडते. शिवाय उन्हाळ्यात दुपारी जमिनीवरून झळा निघतात. साठपटीला त्या झळाही साठपट दिसतात आणि पाखरू पाण्यात पडल्यासारखं हलत राहतं. भागाकाराचा असा उपयोग होतो, हे त्या दिवशी आमच्या चौथीला पहिल्यांदा पटलं.

आता परीक्षा सुरू झाली.

पहिला पेपर, उडणारं पाखरू. यात बायनॉक्युलर पहिली आली. हात पुढे ताठ करून मूठ धरा. मुठीआड जेवढं आकाश झाकतं, त्याहून थोडं कमी आकाश बायनॉक्युलरमध्ये एका वेळी दिसतं. स्कोपमध्ये वीसपटीलासुद्धा फक्त अंगठ्याच्या रुंदीएवढं! एवढ्याशा खिडकीत घिरट्या घालणारी घार कशी सापडणार? सापडेपर्यंत ती पार डोंगराआड गेलेली असते.

दुसरा पेपर, बसलेलं पाखरू. इथे स्कोपने बाजी मारली. हातात धरलेली दुर्बीण पाखराला आठपट करते, तशी हाताच्या थरथरीलाही आठपट करते. त्यामुळे दहापटीच्या पुढची दुर्बीण हातात स्थिर धरणं मोठ्या माणसांनाही जड जातं. स्कोप स्टँडवर उभा असल्याने हलत नाही. तारेवरच्या वेड्या राघूच्या डोळ्यातून जाणारी काळी रेघ, शेपटीतून बाहेर आलेली ती बारीक काडीसारखी पिसं, टिटवीच्या डोळ्यासमोरची लाल कातडी, हे सगळं असं दिसलं की आमची पोरं गप्पच झाली. चौथीचा वर्ग गप्प होणं ही काय साधी गोष्ट आहे?

तिसरा पेपर माझा होता, शिक्षकाचा. वर्गातल्या मुलांच्या हातात बायनॉक्युलर दिली की प्रत्येक जण म्हणतो, "दिसलं, दिसलं!" खरं काय दिसलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. कुणी खांब बघत असतो, कुणी नुसतंच आभाळ. मागे रांग लागलेली असते, म्हणून लाजेकाजेस्तवही मुलं "दिसलं" म्हणून मोकळी होतात. स्कोप मात्र मी एकदा पाखरावर लावून ठेवला की रांगेतल्या प्रत्येकाला तेच पाखरू दिसतं. मग विचारता येतं, "चोच सरळ आहे की वाकडी? पाय कोणत्या रंगाचे?" ज्याला दिसलं नाही त्याला पुन्हा बघायला देता येतं.

चौथा पेपर लहानग्यांचा. पहिलीतली मुलं बायनॉक्युलरमधून बघताना म्हणायची, "बाई, दोन गोल दिसतात," किंवा "मधे काळं काळं येतं." काकांनी पट्टी मागवली. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर लहान मुलांचं असतं पन्नास मिलिमीटरच्या आसपास. मोठ्यांसाठी केलेल्या पुष्कळ बायनॉक्युलरच्या नळ्या पंचावन्न-छप्पन मिलिमीटरहून जवळ येतच नाहीत. त्यामुळे इवल्या चेहऱ्यावर ती बसतच नाही. एका डोळ्याच्या नळीला ही अडचण नाही. ती पहिलीच्या मुलालाही चालते आणि पणजोबांनाही.

फौजी आजोबा मात्र हटेनात. "पण डोळा मिटावा लागतो त्याचं काय?" काकांनी त्यावर युक्ती सांगितली. डोळा मिटायचाच नाही. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि त्यावर हाताचा तळवा अलगद आडवा धरायचा. चेहऱ्याचे स्नायू आखडत नाहीत, कपाळ दुखत नाही. तरीही तासभर बघायचं असेल तर दोन डोळ्यांना जास्त आराम वाटतो आणि अंधुक वस्तूही दोन डोळ्यांना जरा बरी दिसते. आजोबांचं तेवढं म्हणणं सोळा आणे खरं.

"मग दोन डोळ्यांचा स्कोप नसतो का?" एका मुलीने विचारलं. असतो! एका प्रकारात दोन मोठ्या नळ्या शेजारी शेजारी असतात. दुसऱ्या प्रकारात पुढे नळी एकच, पण आत लोलक बसवून उजेड दोन्ही डोळ्यांना वाटून दिलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं, म्हणून वस्तूची खोली काही जास्त कळत नाही. बघायला आराम मात्र मिळतो. किंमत? चांगल्या प्रतीचा घ्यायचा तर नव्या मोटारसायकलीच्याही पुढे. आम्ही त्याला दुरूनच नमस्कार केला.

हा वाद काही आपल्याच गावचा नाही बरं का. इ. स. १६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरहे नावाच्या चष्मे करणाऱ्या कारागिराने आपली दुर्बीण सरकारपुढे ठेवली. सरकारने त्याला काय सांगितलं असेल? दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दाखव! त्याने ती करूनही दिली. म्हणजे दुर्बीण जन्मली त्याच वर्षी "एक की दोन" हा प्रश्नही जन्मला. पुढे १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले ते मात्र एकाच नळीतून. आणि आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, तिला तर ३० "डोळे" आहेत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. त्या सगळ्या डोळ्यांनी मिळवलेली माहिती एकत्र जुळवली की एका डोळ्याला न दिसणारे बारकावे दिसतात. आपला मेंदूही दोन डोळ्यांनी पाठवलेली दोन चित्रं अशीच जुळवतो आणि झाड किती लांब आहे ते ओळखतो.

आता मी मघाशी म्हणाले ते.

त्याच शनिवारी काकांनी एक खेळ घेतला. जसा उजवा किंवा डावा हात, तसा प्रत्येकाचा एक डोळा "लाडका" असतो. तो ओळखून स्कोपला लावला की बघणं सोपं जातं. लाडका डोळा कळल्यावर काका म्हणाले, "आता गंमत म्हणून दुसऱ्या डोळ्याने बघा." एकेक जण बघून पुढे गेला. तिसरीतला एक मुलगा मात्र अडला. उजव्या डोळ्याने त्याने राघू अचूक सांगितला होता. डावा लावल्यावर म्हणाला, "बाई, काचेवर धुकं आलंय."

काच स्वच्छ होती. त्याच्या मागच्या मुलीला राघू लख्ख दिसत होता. मी त्याला वर्गात नेलं, उजव्या डोळ्यावर तळवा धरायला लावला आणि फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्याला लागेना. डावा डोळा झाकून मात्र त्याने सगळा फळा घडाघडा वाचला. हा मुलगा अभ्यासात हुशार, खेळात पुढे. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा दोघांचं काम करत होता, त्यामुळे घरी कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्याला स्वतःलाही वाटत होतं की सगळ्यांना असंच दिसतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. काढणीचे दिवस, अंगणात बटाट्याच्या गोण्या. त्याची आई घाबरली. वडील म्हणाले, "बाई, चार दिवस थांबा, एवढा माल जाऊ द्या." मी म्हणाले, "दादा, माल महत्त्वाचाच आहे. पण डोळ्याचंही पीक वेळेवरच घ्यावं लागतं." दुसऱ्याच आठवड्यात ते त्याला घेऊन मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे. त्या डोळ्याचं चित्र कायम पुसट येत राहिल्यामुळे मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच कमी केलं. याला "आळशी डोळा" म्हणतात. खरं तर बिचारा डोळा आळशी नसतो, त्याला कामच मिळत नाही. उपाय काय? योग्य चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे मेंदूला झक मारत दुसऱ्या डोळ्याचं ऐकावं लागतं. हा उपचार जितक्या लहान वयात सुरू होईल तितका चांगला. सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर गुण जास्त येतो. पुढे उशीर होत गेला की अवघड होतं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी आशा सोडू नये.

पट्टी लावून तो शाळेत आला तेव्हा पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी चिडवलं. मी वर्गाला एकच काम दिलं, प्रत्येकाने एका डोळ्यावर रुमाल बांधून सुईत दोरा ओवायचा आणि चेंडू झेलायचा. दहा मिनिटांत सगळ्यांची फजिती झाली. त्यानंतर चिडवणं थांबलं. पुढे दर शनिवारी स्कोप मांडला की पहिला मान त्याचा, तोही डाव्या डोळ्याने. हा काही डॉक्टरी उपचार नव्हे हं! पण पट्टीचा तास त्याला शिक्षा वाटेनासा झाला. सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याने त्याला फळ्यावरच्या मधल्या ओळी वाचता यायला लागल्या. अजून सगळं बरं झालेलं नाही, पट्टी चालूच आहे.

हो, दुर्बीण कोणती घेतली ते राहिलंच! आम्ही एका डोळ्याचा स्कोप घेतला, स्टँडसकट. शाळेत मुलं पुष्कळ, बघायची जागा ठरलेली आणि पाखरं बसलेली, म्हणून तो आमच्या सोयीचा. फौजी आजोबा शनिवारी आपली बायनॉक्युलर घेऊन येतात. आधी ते दोन डोळ्यांनी पाखरू शोधतात, मग आम्ही एका डोळ्याने ते ओळखतो. भीमाशंकरच्या सहलीत मात्र स्कोप पिशवीतच राहिला. तिथलं रान दाट, आणि शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारा. तिथे आजोबांची दुर्बीणच कामाला आली.

पालकांनी विचारलं, "घरी एकाच मुलासाठी घ्यायची तर कोणती?" तर मी सांगेन, आधी दोन डोळ्यांचीच घ्या, सातपट किंवा आठपट. हलकी बघा. विकत घेण्याआधी मुलाच्या डोळ्यांना लावून बघा, दोन गोल दिसत असतील तर ती त्याची नव्हे. मुलाला चष्मा असेल तर डोळ्यापाशी असलेली रबरी कडा दुमडून, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते तपासा. पाखरांचं वेड टिकलं, तळ्याकाठी किंवा माळावर तासन् तास बसावंसं वाटलं, तर पुढे स्कोपचा विचार करा.

आणि कोणतीही दुर्बीण असो, तिच्यातून सूर्याकडे कधीही, क्षणभरही बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. आमच्या स्कोपच्या पेटीवर हे वाक्य मुलांनीच लाल अक्षरात लिहून चिकटवलं आहे.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. दोन्हींना दुर्बीण लागत नाही.

पहिली, लाडका डोळा शोधा. दोन्ही हात पुढे ताठ करा, पंजे एकमेकांवर ठेवून मधे लहानशी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा एखादा खांब बघा. आता एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना खांब फटीत राहतो, तो तुमचा लाडका डोळा.

दुसरी, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून आठ-दहा पावलं लांब उभे राहा. एका डोळ्यावर तळवा धरा, दाबू नका. दुसऱ्याने तारखा वाचा. मग डोळा बदला. घरातल्या धाकट्या भावंडांचीही अशीच परीक्षा घ्या आणि बोटांच्या फटीतून कुणी चोरून बघत नाही ना, तेही पाहा. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसलं तर छान. पण एका डोळ्याला तारखा दिसल्या आणि दुसऱ्याला धुकं, तर त्याच दिवशी आई-बाबांना किंवा आपल्या बाईंना सांगा. उद्यावर ढकलू नका.